तीन कानांचं भांडं : डिझाइनच्या एका विद्यार्थिनीचा संग्रहालयांतला दिवस

फोटो २१४, जागा तीन, वेळ सकाळी १०.२२ ते दुपारी ३.५०. एवढा ऐवज घेऊन ती दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "मॅडम, काही सुचलंच नाही."

मी वस्तूंचं डिझाइन शिकवते. असं म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी मी त्यांना "पुन्हा जाऊन ये" असं सांगून मोकळी होते. या खेपेला मात्र आम्ही दोघी दोन तास बसलो आणि तिचा तो दिवस उलगडून पाहिला. हाताशी दोन पुरावे होते. एक, फोनमधले फोटो आणि त्यांवरच्या वेळा. दुसरा, तिची स्केचबुक, जी ती दाखवायलाच तयार नव्हती.

आधी काम काय होतं ते सांगते. हातात जोर कमी असलेल्या माणसाला पाणी ओतता येईल असं भांडं करायचं होतं. संधिवातानं बोटं वाकलेली, पकड सैल झालेली, मनगट जरा पिळलं तरी कळ येणारी अशी माणसं डोळ्यांपुढे ठेवायची. अडचण साध्या हिशेबातही दिसते. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो, शिवाय भांड्याचं स्वतःचं वजन. पाण्याच्या नेहमीच्या जगाला कान एकच आणि तोही बाजूला, म्हणजे सगळा भार मुठीपासून आठ-दहा सेंटिमीटर लांब लटकतो आणि मनगटाला सतत खाली ओढत राहतो. हातांवर उपचार करणारे लोक यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : भार दोन्ही हातांत वाटा, बोटांच्या लहान सांध्यांऐवजी तळहात आणि मोठे सांधे कामाला लावा. हे सगळं वर्गात बोलून झालं होतं.

आणि मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं होतं, "एक दिवस काढा, संग्रहालयं बघून या, प्रेरणा घेऊन या." प्रेरणा जणू तिथल्या तिकीट खिडकीवरच मिळते!

सकाळची पहिली जागा चित्रांची गॅलरी. ६९ मिनिटांत ७१ फोटो. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. "रंगसंगतीसाठी काढले," असं ती म्हणाली. भांड्याचा रंग हा तेव्हा कोणाचाच प्रश्न नव्हता, पण प्रेरणेच्या दिवशी चित्रं बघायची असतात असा तिचा समज होता. तो कुठून आला असेल, हे मी तिला विचारलं नाही. उत्तर माझ्याकडेच आलं असतं.

दुसरी जागा डिझाइन संग्रहालय. ८२ मिनिटं, ११६ फोटो. दोन्ही जागा धरल्या तर १५१ मिनिटांत १८७ फोटो, म्हणजे साधारण दर ४८ सेकंदांना एक. त्यातच चालणं, पाटी वाचणं, गर्दीतून वाट काढणं. ही तिचीच खोड आहे असं कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एकेका नामांकित चित्रासमोर किती वेळ थांबतात, याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सरासरी निघाली २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते.

मला महत्त्वाचं वाटलं ते तिच्या फोटोंतून काय सुटलं ते. थोनेट या फर्निचर कंपनीच्या १४ नंबरच्या खुर्चीचे तिच्याकडे चार फोटो आहेत, चारही समोरून. ही खुर्ची १८५९ची. वाफेवर मऊ करून वाकवलेलं बीच झाडाचं लाकूड, एकूण सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. खुर्चीची सगळी हुशारी बसायच्या चकतीखाली आहे, पाय तिला कुठे आणि कसे जोडलेत त्यात. ते बघायचं तर गुडघे टेकून खालून डोकवावं लागतं. समोरून दिसते ती नुसती सुरेख वेलांटी. ती वेलांटी तिनं चार वेळा टिपली.

दुसरी वस्तू तर थेट तिच्या विषयातली. एरिक मॅग्नुसेन यांनी १९७७ मध्ये स्टेल्टन या डॅनिश कंपनीसाठी केलेला थर्मास-जग. सरळ नळकांडं, एका बाजूला कान, वर छोटीशी चोच. बाहेरून इतका साधा की चित्र काढायला अर्धं मिनिट पुरतं. पण खरी करामत आत आहे. त्याचं बूच डोलतं. जग कलता केला की ते आपोआप उघडतं, सरळ केला की मिटतं. अंगठ्यानं कळ दाबायची नाही, काही फिरवायचं नाही. ज्यांच्या अंगठ्यात जोर नाही त्यांच्यासाठी काम करणाऱ्या मुलीला याहून उपयोगाची वस्तू त्या इमारतीत क्वचितच असेल. त्या जगाचे तिनं सहा फोटो काढले. बूच काचेमागे, जगाच्या आत. पाटीवर नाव, वर्ष, साहित्य. डोलणाऱ्या बुचाचा उल्लेख नाही.

पुढची गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. दुपारी जेवताना तिनं सहा कल्पना रेखाटल्या. त्यांतल्या पाचांत तेच सरळ नळकांडं, तोच बाजूचा कान, तीच चोच. कानाची जाडी तेवढी बदललेली. "मी कॉपी नाही केलं, मॅडम," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिला ते कळलंच नव्हतं. जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९९१ मध्ये डिझाइन करणाऱ्यांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. नमुना म्हणून एखादा आराखडा दाखवला की लोकांच्या स्वतःच्या कल्पनांत त्याचे दोष उतरतात, हे दोष टाळा असं आधी बजावलं तरीही. न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाच्या प्रयोगात स्ट्रॉ वापरू नका असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी नमुन्यातली स्ट्रॉ लोकांच्या चित्रांत शिरलीच. संग्रहालयात गेल्यानं कल्पना मोकळ्या होतात, असं आपण सरसकट गृहीत धरतो. चटचट बघत गेलं तर त्या आवळूही शकतात. हिच्या बाबतीत जेवणाच्या टेबलावर नेमकं तेच झालं होतं : बाजूला कान असलेला जग, म्हणजे ज्याच्यापासून सुटका हवी होती तोच आराखडा, ती पाच वेळा घेऊन आली होती.

तिसरी जागा प्राचीन वस्तूंचं मोठं संग्रहालय. २.३५ला पहिला फोटो. पुढच्या बावीस मिनिटांत २४. आणि मग २.५७ ते ३.४९ काहीच नाही.

"ही मधली बावन्न मिनिटं कुठे होतीस गं? उपाहारगृहात?"

"नाही मॅडम. पाय दुखायला लागले म्हणून बाकावर बसले होते. समोर एक मोठं मडकं होतं, तेच काढत बसले."

"दाखव बघू."

"त्यात काही नाही. टाइमपास आहे."

पायांच्या दुखण्याला या क्षेत्रात स्वतंत्र नाव आहे : संग्रहालयी थकवा. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला प्रदर्शनातल्या वस्तूंवर साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, उकिडवं बसावं, मान वाकडी करावी लागते याचे फोटो काढले. दोष प्रेक्षकाचा नसून मांडणीचा, हे त्यांना दाखवायचं होतं. शंभरहून अधिक वर्षं उलटली, बाक अजून कमीच असतात. त्या दालनात एकच होता आणि तो एका सुट्या काचपेटीसमोर होता. तिनं ती वस्तू निवडली नव्हती. बाकानं निवडली. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर या प्रकरणाचं श्रेय माझ्या कुठल्यातरी अध्यापन पद्धतीला जायचं.

पेटीत होतं एक ग्रीक भांडं, हायड्रिया. पाण्यासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच आलेलं नाव. इ.स.पू. ५१०च्या सुमाराचं, भाजलेल्या मातीचं, सुमारे अर्धा मीटर उंच, लालसर अंगावर काळ्या आकृत्या. पाटीवर चित्राचं वर्णन : कारंजाघरावर, म्हणजे सार्वजनिक पाणवठ्यावर, पाणी भरायला आलेल्या बायका.

स्केचबुकच्या पाच पानांवर नऊ चित्रं आहेत. पहिलं सगळ्यांत देखणं. बायकांच्या वस्त्रांच्या चुण्या, छाया, सगळं नीट. भांड्याला कान दोन, पोटाच्या डाव्या-उजव्या अंगाला, आडवे. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रात चुण्या गेल्या, भांड्याची बाह्यरेषा उरली. चौथ्यात ती बाकावरून उठलेली दिसते, कारण कोन बदललाय. पेटीच्या मागे गेल्यावर तिला तिसरा कान सापडला : उभा, गळ्यापासून खांद्यावर उतरणारा. पानावर "३??" असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय. समोरून पंचवीस मिनिटं बघूनही जो दिसला नव्हता तो हा.

सहावं चित्र मला सगळ्यांत आवडतं आणि ते सगळ्यांत ओबडधोबड आहे. भांड्यावरच्या चित्रातल्या बायकांच्या डोक्यावर अशीच भांडी आहेत. एकीच्या डोक्यावर ते उभं आहे, दुसरीच्या डोक्यावर आडवं. आडव्या भांड्याला बाण करून तिनं लिहिलंय, "पडलंय का?" त्याखाली, वेगळ्या दाबानं, बहुधा काही मिनिटांनी : "रिकामं!" बरोबर. या चित्रांत रिकामी हायड्रिया डोक्यावर आडवी घेतलेली असते आणि भरलेली उभी. भांड्यावर भांडं वापरायची रीतच रंगवलेली आहे, आणि पाटी वाचून पुढे जाणाऱ्याला ती "पाणी भरायला आलेल्या बायका" एवढीच दिसते.

तिथून पुढची तीन चित्रं फक्त कानांची. बाजूचे दोन कुठे बसवलेत? पोट सर्वांत फुगतं त्याच्या आसपास, टोकं किंचित वर वळलेली. दोन्ही हातांनी धरलं की भार दोन्ही तळहातांवर सारखा आणि भांड्याचा मध्य बरोबर दोहोंच्या मधे. कोणत्याच मनगटाला पीळ नाही. मागचा उभा कान ओतताना कलतं करायला, किंवा रिकामं भांडं एका हातानं न्यायला. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तीन शब्द : उचल. ने. ओत.

मी पान तिच्याकडे वळवलं. "आणि तू म्हणतेस, काही सुचलं नाही?"

"पण मॅडम, ही कल्पना कुठे आहे? हे तर मडकं कसं वापरतात तेवढंच आहे."

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडले. तिच्या लेखी कल्पना म्हणजे आकार. रंग, रेषा, वळण, जे फोटोत येतं आणि सादरीकरणाच्या फलकावर चिकटवता येतं ते. आपण "ओतणं" म्हणतो ती एक क्रिया नसून तीन आहेत, आणि तिन्हींसाठी एकाच कानावर भार टाकल्यामुळे दुबळ्या हाताची पंचाईत होते, हा शोध तिनं स्वतः लावला होता आणि टाइमपास म्हणून बाजूला ठेवला होता. फलक भरून आणले की मी शाबासकी देते, हे तिनं दोन वर्षं पाहिलं होतं. ती त्यातूनच शिकली होती.

इथे जरा इतिहासात जाते. डिझाइनचे विद्यार्थी आणि संग्रहालय यांचं नातं हौसेचं नाही. लंडनचं आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १८५२ मध्ये सुरू झालं ते उत्पादित वस्तूंचं संग्रहालय म्हणून. आदल्या वर्षी लंडनला भरलेल्या औद्योगिक मालाच्या महाप्रदर्शनानंतर कारागीर, कारखानदार आणि डिझाइन शिकणारे यांची नजर घडावी, हा हेतू होता. पहिले संचालक हेन्री कोल यांनी तिथे एक दालन फसलेल्या सजावटीचंही ठेवलं होतं, काय करू नये ते दिसावं म्हणून. लोकांनी त्याला भयदालन म्हणून हसं केलं, ज्यांचा माल तिथे लागला ते चिडले आणि ते दालन फार टिकलं नाही. मला त्याची हळहळ वाटते. आज काचेमागे जे असतं ते सगळं यशस्वीच. विद्यार्थी त्यापुढे हात जोडून उभा राहतो, आणि हात जोडलेले असले की पेन्सिल धरता येत नाही.

फोनचं काय, हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी विचारला. बंदी घालावी का? मला तसं वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी कला संग्रहालयात केलेला, २०१४ मध्ये छापून आलेला प्रयोग इथे कामाचा आहे. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना दुसऱ्या दिवशी, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला तेव्हा हा तोटा झाला नाही. आमच्या विद्यार्थिनीचे शेवटचे तीन फोटो, ३.४९ आणि ३.५०चे, असेच आहेत : पाटी, डाव्या कानाचा सांधा, मागच्या कानाचा सांधा. २१४ पैकी तिला न बघता सांगता आले ते हे तीन, आणि सकाळचं एक चित्र.

माझा निष्कर्ष इतकाच की दिवस वाया गेला तो मी दिलेल्या कामामुळे. "प्रेरणा घेऊन या" हे कामच नाही, त्यात बघायचं काय ते सांगितलेलं नाही. पुढच्या तुकडीला मी वेगळं सांगितलं. जाण्यापूर्वी एक प्रश्न क्रियापदात लिहायचा : कसं उचलतात, कसं मिटतं, कसं रचतात. जागा एकच. आधी अर्धा तास मोकळं हिंडायचं, मग एका वस्तूपाशी चाळीस मिनिटं, पेन्सिलीनं, आणि निदान एक चित्र मागच्या बाजूनं. बऱ्याच संग्रहालयांत पेन्सिलच चालते, शाईला मनाई असते, तेव्हा तो नियम वेगळा करावा लागला नाही. याचा सगळ्यांना उपयोग झाला असं मुळीच नाही. एक मुलगा एका कुलपापुढे तासभर बसून आला आणि त्याच्या हाती काहीही लागलं नाही. कुलूप बंद होतं, आतलं दिसत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, चुकीची वस्तू निवडली." असेल. बाक त्याच्याही नशिबात असता तर बरं झालं असतं.

आता भांड्याचं पुढे काय झालं ते. पहिला नमुना तिनं पुठ्ठ्याचा केला आणि हायड्रियाचे तिन्ही कान जसेच्या तसे उचलून लावले. म्हणजे सकाळी थर्मास-जगाचं जे केलं तेच दुपारच्या भांड्याचं! नमुना इतका रुंद झाला की फ्रिजच्या दारात बसेना. मी काही बोलले नाही, फ्रिजनंच सांगितलं. मग ती कोपऱ्यातल्या तीन शब्दांकडे परत गेली आणि तिन्ही क्रिया एकेक करून सोडवायला लागली. उचलण्यासाठीचे बाजूचे दोन्ही कान काढून टाकले, त्याजागी खांद्याखाली चारी बाजूंनी जाड कंगोरा आला. दोन्ही तळहात त्याखाली सरकवले की बोटं न आवळता भांडं उचललं जातं. ओतण्यासाठी उचलायचंच नाही, असं तिनं ठरवलं. बुडाची पुढची कड गोलसर केली, म्हणजे भांडं टेबलावरच टेकून पुढे डोलतं, मागच्या कानाला तळहातानं नुसतं वर लोटायचं. डोलणाऱ्या बुचाची हकीकत मी तिला सांगितली होती, त्यामुळे झाकणही कलल्यावर उघडतं. ही उसनवारी आहे आणि तिनं ती तशी लिहूनही ठेवली आहे.

पाणी भरून चाचणी घेतली तेव्हा पहिला पेला सुरेख भरला. दुसराही. तिसऱ्याला अडलं. पाणी कमी झालं की भांडं जास्त कलतं करावं लागतं, आणि बूड टेबलावरच असल्यानं चोच खाली खाली येत पेल्याच्या काठाच्याही खाली जाते. तळाचं पाणी टेबलावर येतं, पेल्यात नाही. भांडं उंच केलं तर जड होतं, पेला बुटका केला तर घरात असलेले पेले चालत नाहीत. आम्ही दोघी ओल्या टेबलापाशी उभ्या होतो. मी खालच्या बैठकीबद्दल काहीतरी सुचवणार होते, तोवर तिनं स्केचबुक पिशवीत टाकली होती.

"शनिवारी जाऊन येते, मॅडम. त्या बायका शेवटचं पाणी कसं काढत असतील ते बघायचंय. मागचा कान आणि एक बाजूचा कान मिळून काहीतरी करत असणार."

"भांडं तिथे रिकामंच आहे," मी म्हटलं.

"चालेल. बाक आहे ना."